गुळाचे रवे आणि गणिताचा पेपर

माझ्या चौथीच्या वर्गात एक पोरगं आहे, नाव नको, वडील मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, हमाली करतात. अक्षरं ओळखतो पण जोडाक्षर आलं की गाडी थांबली, ओळ सुटते, ब चा व होतो. सगळ्यांनी, मी पण त्यातच, ढ म्हणून शेवटच्या बाकावर बसवलेला. मागच्या चाचणीत गणितात 20 पैकी 3.

26 जूनला शाहू जयंतीचं भाषण दरवर्षी माझ्याकडंच असतं, 1919 ला महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच शाळेत बसवली वगैरे टाळ्या घेऊन सांगते, आणि माझ्याच वर्गात तो वेगळा बाक.

2016 च्या दिव्यांग कायद्यात 7 चे 21 प्रकार झाले, अध्ययन अक्षमता, म्हणजे डोकं असून वाचा-लिहायला अडणं, त्यात आली, हे ट्रेनिंगला ऐकलेलं आणि चहाबरोबर विसरलेलं. यंदा आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिका म्हणाल्या, पुढं बसवा, जोडीदार द्या आणि पेपर वाचून दाखवा की, तासाला 20 मिनिटं जास्त द्या. दिव्यांग दाखल्याचं काम निघंल तेव्हा निघंल, चाचणी तर वर्गातलीच आहे, म्हटलं बघू.

आणि नेमकं चाचणीच्या सकाळी त्याच्या जोडीदाराची आई गेटवर. "बाई, असली पोरं शेजारी बसवल्यावर आमच्याचं मार्क पडणारच की ओ." मला उत्तर सुचलं नाही, खरं सांगते.

व्हरांड्यात बसून त्याला वाचून दाखवत होते. एका टेम्पोत 30 किलोचे 24 रवे भरले तर वजन किती? पेन्सिल उचललीच नाही त्यानं, छताकडं बघत म्हणाला, "धा रव्याचं तीन क्विंटल, विसाचं सा, वरच्या चाराचं एकशेवीस... सात क्विंटल वीस किलो. बाई, छोटा हत्ती असंल तर फुल्ल झाला बगा." मी कागदावर गुणाकार करून पडताळला, लाज वाटली.

16 पडले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही गणिताच्या पेपरात त्याचं वाचन तपासत होतो.

जोडीदाराचं पण सांगायला पाहिजे. दोन महिने तोच याला शाब्दिक उदाहरणं वाचून दाखवतोय. आधी नुसते आकडे बघून बेरीज ठोकायचा, आता मोठ्यानं वाचताना 'प्रत्येकी', 'उरले' ला थांबतो. 13 चे 18 झाले. वाचून दाखवल्यामुळं का क्लासमुळं, छातीठोक नाही सांगता येणार, पण पडले तर नाहीत ना. आईनं पेपर दोनदा उलटापालटा करून बघितला आणि काही न बोलता पिशवीत घातला.

गुरुवारी मराठीचा पेपर आहे. तिथं उतारा मीच वाचून दाखवला तर तपासायचं काय, आणि नाही दाखवला तर त्यानं लिहायचं काय, हे मला अजून कळेना झालंय. विशेष शिक्षिका शुक्रवारी येणार.