जुनं स्टॅग फील्ड, शिकागो: पश्चिम स्टँडखालच्या खोलीचं मॉडेल

शिकागो विद्यापीठाच्या या जुन्या मैदानाच्या मॉडेलचा तळ झाला. अमेरिकन फुटबॉलचं ३६० × १६० फुटांचं मैदान १:५०० ला २१९.५ × ९७.५ मिमी येतं. रेषा मारण्याआधी साल पक्कं करा, कारण १९१२ पूर्वी मैदान ११० यार्डांचं होतं आणि एंड झोन (दोन्ही टोकांचे गुण मिळवण्याचे पट्टे) नव्हते. आपलं मॉडेल २ डिसेंबर १९४२ चं आहे. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्येच फुटबॉल सोडला होता, त्यामुळे स्टँडवर प्रेक्षक चिकटवू नका.

खरं काम पश्चिम स्टँडखालच्या रॅकेट्स कोर्टाचं (रॅकेट्स हा स्क्वॉशसारखा खेळ). भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींच्या चमूने त्या दिवशी पहिली नियंत्रित अणू-साखळी अभिक्रिया इथे घडवली. खोली ६० × ३० फूट, उंची २६ फूट. तिचा छेद वेगळा, १:१०० ला: १८३ × ९१ × ७९ मिमी.

अणुभट्टीत ग्रॅफाइटच्या विटांचे ५७ थर होते, प्रत्येक सुमारे १०.५ सेंमी जाड. म्हणून १ मिमी माउंटबोर्डचा (जाड पुठ्ठ्याचा) एक तुकडा म्हणजे एक थर. रुंदी जास्तीत जास्त ७६ मिमी. ए-फोर आकाराचे दहा बोर्ड पुरतात. कडा गोल कापू नका, विटांमुळे त्या पायऱ्यांसारख्या दिसायला हव्यात. एकूण उंची ६० मिमी हवी, म्हणजे फेव्हिकॉलला सगळा मिळून ३ मिमी वाव आहे. तो पातळ करून लावला की बोर्ड पाणी पितो आणि कोपरे उचलतात. घट्टच घ्या, जुन्या एटीएम कार्डाने ओढून पसरा आणि दर पाच थरांनी वजनाखाली ठेवा.

१९ व्या थरावर जोड मोकळा ठेवा, वरचे ३८ थर बांबूच्या दोन काड्यांवर बसवा. बांधकामाच्या प्रसिद्ध छायाचित्रात १८ व्या थरातलं युरेनियम ऑक्साइड १९ व्या, नुसत्या ग्रॅफाइटच्या थराखाली झाकलं जाताना दिसतं. तेवढी एक गोष्ट उघडून दाखवता आली तर मॉडेलचं सोनं होतं.

काळा रंग मारू नका. ८बी पेन्सिलीची पूड बोटाने कडांवर घासा; तेही ग्रॅफाइटच, त्यामुळे चमक अस्सल येते. मात्र पूड सगळं चिकटवून झाल्यावरच, कारण ग्रॅफाइटवर गोंद धरत नाही.

आजच्या नकाशावरून जागा काढताना घोटाळा होतो. पश्चिम स्टँड १९५७ मध्ये पाडला. मैदानावर १९७० मध्ये उघडलेलं रेगेनस्टाइन ग्रंथालय आहे, पण भट्टी त्याखाली नव्हती. एलिस अव्हेन्यूलगत हेन्री मूर यांचं १९६७ चं कांस्यशिल्प आहे, खूण तिथे करा.