'द लाँग बॅलड', दुसरी फेरी: भाग १९ पर्यंतची वही

या चिनी मालिकेची पहिल्या फेरीत गोष्ट बघितली, या फेरीत भाषा ऐकतोय. लॅपटॉपच्या स्क्रीनला खालून पुठ्ठ्याची पट्टी चिकटवलीय, म्हणजे सबटायटल दिसत नाहीत. अडलं की पट्टी उचलायची, शब्द वहीत लिहायचा, परत खाली. पाऊण तासाच्या भागाला दीड तास सहज जातो. ४९ पैकी १९ झाले. पहिल्या चार भागांत पट्टी इतक्यांदा उचलली की तिचा चिकटपणाच गेला. सतराव्या-अठराव्या भागात मात्र हात बऱ्यापैकी गप्प बसला होता.

नव्यांसाठी दोन ओळी. २०२१ची मालिका, मूळ शिया दाची चित्रकथा, नायिका दिलरबा दिलमुरात. इ.स. ६२६, चीनची तेव्हाची राजधानी चांगआन. धाकटा राजपुत्र ली शिमिन श्वेनवू दरवाज्याशी थोरल्या भावाला, म्हणजे युवराज ली ज्येनछंगला मारतो आणि काही आठवड्यांत गादीवर बसतो. ज्येनछंगची मुलगी छांगगं पुरुषी वेशात निसटते, काकावर सूड घ्यायला. छांगगं काल्पनिक आहे, पण जागा अचूक शोधलीय: इतिहासात ज्येनछंगच्या पाचही मुलांना ठार केलं गेलं. मुलींना नाही.

भाऊबंदकी म्हटल्यावर आपल्याला आणखी काय समजावायचं? 'काका, मला वाचवा' ऐकत वाढलेली माणसं आपण.

तर वहीतली पहिली चार पानं नुसत्या नात्यांनी भरलीत. सबटायटलमधलं 'अंकल' अगदीच कुचकामी आहे. चिनीत वडिलांचा थोरला भाऊ 'बो' आणि धाकटा 'शू'. आपण दोघांनाही काका म्हणून मोकळे होतो, फार तर थोरले-धाकटे लावतो. छांगगंच्या दृष्टीने शिमिन 'शू' आहे, म्हणजे वडिलांपेक्षा लहान, ज्याचा गादीवर हक्क नव्हता तो. अख्खी तक्रार त्या एका अक्षरात आहे. उलट बहिणींच्या बाबतीत आपण श्रीमंत. त्यांच्याकडे चुलत ती 'थांग' आणि आते-मामे-मावस सगळ्या मिळून 'ब्याव'.

तसंच पदव्यांचं. युवराजाची मुलगी 'च्युनचू', सम्राटाची मुलगी 'कुंगचू'. इंग्रजीत दोघी 'प्रिन्सेस'. पण छांगगंची चुलत बहीण लयान कुंगचू आहे ती तिचा बाप जिंकला म्हणून. ज्येनछंग जगला असता तर ते नाव छांगगंला लागलं असतं. पहिल्या फेरीत हे माझ्या डोक्यावरून गेलं होतं, आणि दोघींचे एकत्र प्रसंग मला उगाच रडके वाटले होते. त्याबद्दल माफी.

खरी मजा श्वोचौच्या भागांत आली. छांगगं तिथे तरुण मुलगा म्हणून वावरते आणि तुर्क सरदार अशिल सुनच्या घोडदळाविरुद्ध शहर लढवते. ('सुन' म्हणजे ससाणा. खऱ्या तुर्क घराण्याचं नाव अशिना होतं, मालिकेने बदललंय.) आई समोर मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "काय चाललंय?" मी सांगायला लागलो, "आता तो... म्हणजे ती... भिंतीवर उभा आहे." आई म्हणाली, "एक काहीतरी ठरव." आणि तिथेच ट्यूब पेटली. चिनीत बोलताना तो, ती, ते सगळं 'था'. लिहिताना वेगळं अक्षर आहे, पण तेही विसाव्या शतकातलं. क्रियापदालाही लिंग नाही. म्हणजे छांगगंला फक्त कपडे आणि आवाज सांभाळायचा. मराठीत हीच मुलगी पहिल्याच वाक्याला 'मी आले' म्हणून पकडली गेली असती! ही मालिका मराठीत डब करणाऱ्याला माझा आगाऊ नमस्कार.

नाराजी एकच आणि ती जुनीच. ऐन लढाईत मध्येच चित्रकथेच्या चौकटी सुरू होतात. मूळ कलाकृतीला मान म्हणून एकदा ठीक, पण घोडे दौडायला लागले की चित्र थिजतं, तेव्हा जेवणात खडा लागल्यासारखं होतं. ऐकण्याच्या सरावाला मात्र या चौकटी बऱ्या.

वाचन थोडं भरकटलं. छांगगंला खऱ्या इतिहासात एक आत्या सापडली: शिमिनची बहीण, राजकन्या फिंगयांग. बापाच्या बंडासाठी ६१७ मध्ये तिने सत्तर हजारांची फौज उभी केली. ६२३ मध्ये ती वारली तेव्हा बाईच्या अंत्ययात्रेत रणवाद्यं वाजवायची रीत नाही, असं अधिकारी म्हणाले. तोवर सम्राट झालेल्या बापाने ऐकलं नाही. तिने स्वतः नगारे वाजवत सैन्य चालवलंय, म्हणाला, आणि वाजवली. हिच्यावर वेगळी मालिका हवी.

दुसरं भरकटणं थेट घरी घेऊन आलं. शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग याच ली शिमिनच्या काळात भारतात आला आणि ६४५ मध्ये परतल्यावर त्यालाच भेटला. महाराष्ट्राबद्दल, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल, तो लिहितो की ही माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही, पण सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात. छांगगंने एवढं कुठे कळवलं! त्याच नोंदीत आहे की हरलेल्या सेनापतीला इथे शिक्षा करत नाहीत, बायकी कपडे देतात. श्वोचौच्या तटावर पुरुषी कपड्यांत उभी असलेली ती डोळ्यांसमोर आली आणि मी बराच वेळ व्हिडिओ थांबवून बसलो.

विसाव्या भागापासून नवी पट्टी, या वेळी जाड पुठ्ठ्याची. आईने सांगून ठेवलंय की जेवणानंतर लाव, तिला त्या काकाचं पुढे काय होतं ते बघायचंय. तिच्यासाठी पट्टी काढावी लागणार.