एस्टीम अपडेट: तिसरा सिलिंडर, आठवा बोल्ट आणि बदललेला बेत

माझ्या शर्यतीच्या मारुती एस्टीमचं इंजिन पुन्हा तापत होतं आणि तिसरा सिलिंडर दाब धरत नव्हता. ते कोडं एकदाचं सुटलं. कॉम्प्रेशनचे (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याचे) आकडे मागच्या वेळी दिले होते, पुन्हा देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे: १७८, १७५, ११२, १५८ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर जेमतेम ११६. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने आकडा चांगलाच वर चढला असता, तेव्हा रिंगा निर्दोष. लीकडाउनला (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघायची चाचणी) हवा भरली की रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, म्हणजे हवा पाण्यात जात होती, व्हॉल्व्हही निर्दोष. उरलं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सीलचा पत्रा), नाहीतर तडा.

आणि नेमकं तेच गॅस्केट नवं होतं. सीझन संपल्यावर एका वर्कशॉपने हेड फेसिंग करून (घासून सपाट करून), गॅस्केट टाकून, इंजिन सुरू करून दाखवलं होतं. त्यानंतर गाडी ऑटोक्रॉसची (मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळाशी शर्यत) एक फेरी धड पळाली आणि दुसऱ्या फेरीत टेम्परेचरचा काटा पुन्हा वर. तेव्हाच मनात इंजिन स्वॅपने (दुसरं इंजिन बसवण्याने) घर केलं. हे लिहायला बसण्याच्या जरा आधीपर्यंत माझा निर्णय जवळजवळ पक्का होता: पहिल्या स्विफ्टचं १.३ इंजिन आणायचं आणि हा ब्लॉक भंगारात घालायचा. तो बेत आता बदलला आहे. का बदलला तेच सांगतो.

हेड उतरवताना बोल्ट सैल करायला लागलो. एकेक बोल्ट 'कट्ट' आवाज करून सुटत होता, सुटायलाच हवा तसा. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधला, एक्झॉस्टच्या बाजूचा, क्रमाने आठवा येणारा बोल्ट मात्र आवाज न करता लोण्यातून फिरावा तसा फिरला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक चकचकीत वेटोळी अडकलेली. ब्लॉकमधले आटे बोल्टाबरोबर वर आले होते.

एस्टीमच्या जी१३बीबी इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाच्या लायनर (सिलिंडरच्या नळ्या). हेड बोल्टला मॅन्युअलमध्ये ६८ न्यूटन मीटर टॉर्क दिला आहे, तोही टप्प्याटप्प्याने, मधून बाहेरच्या बाजूला. आटे खचलेल्या भोकात बोल्ट तेवढा टॉर्क घेऊच शकत नाही. पन्नाशीच्या आसपास तो मऊ पडतो आणि पाना नुसता फिरत राहतो. टॉर्क रेंच हातात धरून ज्याने ते हेड बसवलं असेल त्याला हे हाताला जाणवायला हवं होतं. तिथे दाब कमी पडला, गॅस्केट उचललं गेलं, तिसऱ्याचा स्फोट थेट पाण्यात आणि थोडा चौथ्याकडे. चौथ्याचा १५८ आकडा आता समजतो. यापुढे कुणीही हेड बसवून देत असेल तर मी शेजारी उभा राहून प्रत्येक बोल्टाचा शेवटचा टप्पा बघणार आहे.

सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून बघितलं. ब्लॉकचा माथा तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये ०.०८ मिमी खाली दबलेला. हेडला मर्यादा ०.०५ ची आहे आणि हेड त्या आत आहे. म्हणजे वर्कशॉपवाल्यांनी हेड घासलं, पण ब्लॉकवर पट्टी ठेवलीच नाही.

आता चांगल्या बातम्या, आणि त्या मला फार गोड लागल्या. डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा रंग) मारून बघितलं: लाल रंग, पुसणं, मग पांढरा डेव्हलपर. लायनरच्या कडा, बोल्टांची भोकं, पाण्याच्या वाटा, कुठेही लाल रेघ उमटली नाही. तडा नाही! क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) स्टँडर्ड साइजचे, म्हणजे कधी न घासलेले निघाले, मेन बेअरिंगला प्लास्टिगेज (दाबून गॅप मोजायची मऊ तार) ठेवून ०.०४ मिमीच्या आत गॅप आला. बोअरचा टेपर (वर-खालच्या व्यासातला फरक) ०.०६ मिमी आहे, मॅन्युअल ०.१० पर्यंत चालवून घेतं. फक्त तिसऱ्याच्या थ्रस्ट बाजूला नखाला लागेल असा ओरखडा आहे. एवढी पळवलेल्या गाडीचा क्रँक स्टँडर्डवर मिळतो, याचा आनंद ज्यांनी मारुतीची इंजिनं उघडली आहेत त्यांनाच कळेल.

स्वॅपचे पर्याय ज्यांनी सुचवले होते त्यांना थोडक्यात उत्तर. जुन्या बलेनो सेडानचं जी१६बी इंजिन मोहात पाडतं, कबूल. बोअर-स्ट्रोक ७५ बाय ९० मिमी, १५९० सीसी, खालून ओढ जबरदस्त. पण स्ट्रोक लांब म्हणून ब्लॉक उंच, गिअरबॉक्सही तिचाच घ्यावा लागतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे गाडी शर्यतीच्या १४०० सीसीच्या वर्गातून उठून १६०० च्या वर्गात जाते. तिथे समोर होंडाच्या जुन्या सिटी व्हीटेक आहेत, १०० पेक्षा जास्त अश्वशक्तीच्या, वरच्या आरपीएमला गात सुटणाऱ्या. नऊशे किलोच्या आतली एस्टीम ही १४०० ची गाडी आहे आणि मला ती तिथेच पळवायची आहे. मारुतीची नवी के सिरीज इंजिनं टाकली तर वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इमोबिलायझरची (चोरीविरोधी कुलपाची) अख्खी भानगड अंगावर येते, ते नाहीच.

राहिलं स्विफ्टचं १.३. कुटुंब तेच, ७४ बाय ७५.५, १२९८ सीसी, कागदावर ८७ अश्वशक्ती. फॉर्म्युला एलजीबी स्विफ्ट या रेस कारमध्ये हेच इंजिन ट्रॅकवर वर्षानुवर्षं पिदाडलं गेलं, तेव्हा दमाबद्दल शंका नाही. शंका वयाची आहे. २०१० मध्ये स्विफ्टला १.२ आलं, म्हणजे बाजारातलं सगळ्यात तरुण १.३ सुद्धा आज पंधरा वर्षांच्या पुढचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, बघितलेलं इंजिन बाहेरून धुऊनपुसून ठेवलेलं होतं. ब्लॉक तिथेही ॲल्युमिनियमचाच. त्याचे आटे कसे आहेत हे हेड काढल्याशिवाय कळणार नाही, आणि टोकन दिल्याशिवाय हेड काढू देत नाहीत. विक्रेत्याचा यात दोष नाही, धंदाच तसा आहे. पण मग मी अनोळखी इंजिन विकत घेऊन, उघडून, पुन्हा बांधणारच असेन तर ओळखीचंच का नको?

तरीही पारडं स्विफ्टकडेच झुकलेलं होतं. ते फिरलं इंजेक्टरमुळे.

बोल्टाने 'कुठे' सांगितलं, 'का' सांगितलं नाही. तिसऱ्याचा प्लग पांढराफटक होता, आणि भिंगाखाली पोर्सिलीनवर ॲल्युमिनियमचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. ही डेटोनेशनची (इंधन अवेळी धडाक्याने पेटण्याची) खूण. म्हणून चारही इंजेक्टर (सिलिंडरला इंधन फवारणारे) काढून टेस्ट बेंचवर लावले. एक, दोन आणि चार जवळजवळ सारखे. तिसरा ८ टक्के कमी इंधन देणारा. त्यात आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बघून ईसीयू सांभाळून घेतो. पण आपण चालवतो फुल थ्रॉटलला, आणि तिथे जुना ईसीयू सेन्सरकडे न बघता ठरलेल्या नकाशावर इंधन सोडतो. तो नकाशा ज्या काळी बनला त्या काळी ई२० कुठे होतं? चारही सिलिंडर मुळातच थोडे लीन (हवेच्या मानाने इंधन कमी), वर तिसऱ्याचा इंजेक्टर उपाशी.

पुढची साखळी सरळ आहे. लीन, म्हणून उष्णता आणि डेटोनेशन. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे इंजिन तापलं की ब्लॉक-हेड फुगतात, स्टीलचा बोल्ट तेवढा लांबत नाही आणि सगळा ताण आट्यांवर येतो. वारंवार असं झालं की सगळ्यात गरम कोपऱ्यातले आटे आधी जातात. तिसऱ्या-चौथ्याच्या मधली एक्झॉस्टची बाजू तोच कोपरा.

म्हणजे मी स्विफ्टचं इंजिन आणून माझेच इंजेक्टर, माझीच रेल (इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी) आणि माझाच ईसीयू लावला असता तर त्या इंजिनाचीही हीच गत झाली असती. आजार इंजिनात नव्हता, इंजिनाला मिळणाऱ्या खाण्यात होता. प्लग न वाचता आणि इंजेक्टर बेंचला न लावता हाफ इंजिन (हेड सोडून खालचा अर्धा भाग) बदलायचा सल्ला देणाऱ्यांशी मी आता भांडणार आहे.

तर इंजिन बांधायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्याकडे माझी सगळी कामं होतात ते मामा ब्लॉक बघून म्हणाले, "पोरा, एकच आटा कशाला करतोस? जो आज धरलाय तो उद्या सुटंल. दहाच्या दहा कर." पटलं. उद्यमनगरचे हात डिझेल इंजिनच्या बिडावर तयार झालेले, बिडात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. पण ॲल्युमिनियम सगळ्यांनाच जमतं असं नाही. मामा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारताना रॉकेल वापरतात आणि टॅप मागे-पुढे खेळवत नेतात, म्हणून काम त्यांच्याकडेच. दहाही भोकं हँड ड्रिलने नाही, ब्लॉक मिलिंगवर डायल लावून सरळ करून मगच पाडायची. भोक अर्धा अंश तिरकं गेलं तर बोल्ट वाकडा बसतो आणि सगळी मेहनत वाया.

मोठ्या केलेल्या भोकात नवे आटे म्हणून काय बसवायचं, हेलिकॉइल की टाइम-सर्ट, यावर दोन दिवस घासाघीस चालली. हेलिकॉइल म्हणजे स्टीलच्या तारेचं वेटोळं, स्वस्त, सगळीकडे मिळतं, एकदा बसवून विसरून जायचं असेल तर उत्तम. टाइम-सर्ट म्हणजे खांदा असलेलं सलग बुश, महाग. रेसच्या गाडीचं हेड पुन्हापुन्हा उघडणार हे गृहीत धरलं तर मला बुशच हवं. दोन्हींचा बाहेरचा व्यास मोठा असल्याने ॲल्युमिनियमवर ताण जास्त जागेत वाटला जातो, म्हणजे दुरुस्त आटे मूळच्यापेक्षा भक्कम.

आता हे लिहिता लिहिता सुचलेलं. बोअरिंगसाठी टॉर्क प्लेट करायची होतीच: ४० मिमीची साध्या पोलादाची (एमएस) प्लेट, हेडसारखी बोल्टने आवळून मग बोअर मारायचा, म्हणजे पातळ लायनर हेड बसल्यावर ज्या आकारात जाते त्याच आकारात गोल होते. तीच प्लेट आट्यांच्या परीक्षेला का नाही वापरायची? बुश बसले की प्लेट ६८ ला आवळायची, ब्लॉक ९० अंशांच्या पाण्यात ठेवायचा, थंड होऊ द्यायचा, पुन्हा टॉर्क तपासायचा. एकही बोल्ट ढळला नाही तरच फेसिंग आणि बोअरिंगचे पैसे घालायचे. ढळला तर ब्लॉक बाद, आणि फुकट गेली ती फक्त बुशची किंमत. इंजिन बांधायचं की बदलायचं याचा निकाल आता ही परीक्षाच लावेल, आणि ते मला फार आवडलं.

क्रमही त्यामुळे बदलला: आधी बुश, मग प्लेट आणि गरम पाणी, मग माथ्याचं फेसिंग, शेवटी बोअर. फेसिंगला एकच धोका, बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पासमध्ये कापायचे असतात, कटर बोथट असेल तर लायनरची कड वर राहते.

बोअर दहा थाऊवरच (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) थांबवणार. तिसऱ्याचा ओरखडा तेवढ्यात जाईल आणि वीस थाऊ पुढच्या वेळेला शिल्लक राहील. ७४.२५ ला १३०८ सीसी होतात. ब्युरेटने मोजलेला चेंबर गॅस्केट धरून ३८ सीसी होता, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो साडेनऊ. फेसिंगनंतर ३७ धरला तर ९.८. ई२० ची ऑक्टेनची (डेटोनेशन रोखण्याची) बाजू चांगली असल्याने एवढं चालून जाईल, पण इंधन पुरलं तरच. हेड-ब्लॉक घासल्याने कॅम टायमिंग मागे जातं म्हणून ॲडजस्टेबल पुली घ्या असं काहींनी सुचवलं होतं. दोन-तीन दशांश मिमीने क्रँकवर फरक अंशभराच्या आतच पडतो. ते पैसे मी वाइडबँडला (हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण दाखवणाऱ्या सेन्सरला) घालणार.

इंधनाचं म्हणाल तर रेल प्रेशर वाढवायचा सोपा रस्ता पुरणार नाही. दाब १० टक्के वाढवला तर प्रवाह ५ टक्क्यांच्या आसपासच वाढतो, वर्गमुळाचा हिशोब आहे. म्हणून चार जुळवून घेतलेले इंजेक्टर, इथेनॉलला टिकणारे नवे होज, आणि ईसीयूवर पिगीबॅक (त्याचे आदेश बदलणारा जोडडबा). स्टँडअलोनची (पूर्ण वेगळ्या ईसीयूची) इच्छा आहे, पण आधी वाइडबँडचे आकडे हातात येऊ देत.

गॅस्केट मारुतीचंच ओरिजिनल घेतलं आहे. रिंग-पिस्टन गोएत्झेचे, दहा थाऊमध्ये मिळाले, डबा उघडून चारही पिस्टन काट्यावर ठेवले तर फरक एका ग्रॅमच्या आत. फार छान वाटलं.

ब्लॉक परीक्षेत नापास झाला तर काय, यावर स्विफ्टपेक्षा चांगला विचार सुचला आहे: जिप्सीचं हाफ इंजिन. जिप्सी २०१९ पर्यंत बनत होती, म्हणजे स्विफ्टच्या १.३ पेक्षा कितीतरी तरुण ब्लॉक मिळू शकतो, आणि सैन्यातल्या गाड्यांमुळे सुटे भागही फिरत असतात. त्यात इंजिन उभं बसतं, आपल्यात आडवं, तेव्हा प्रश्न माउंटिंगच्या बॉसचा (ब्लॉकवरच्या बोल्ट बसायच्या उंचवट्यांचा), ऑइल पॅनचा आणि बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्स जोडला जातो त्या बाजूच्या) भोकांचा. ज्यांच्या गॅरेजमध्ये जिप्सीचा मोकळा जी१३बीबी ब्लॉक पडला आहे त्यांनी टायमिंग बाजूच्या माउंट बॉसची मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं आणि आट्यांची साइज मोजून कळवा. बेल हाउसिंगचा फोटो समोरून, शेजारी पट्टी ठेवून. माझ्या ब्लॉकची मापं मी प्लेट काढल्यावर टाकतो.