पदर खोचून : चेन ताईचीचा चौदावा महिना

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की थंडी पडेपर्यंत लाओज्या यीलू, म्हणजे चेन ताईचीचा जुन्या पद्धतीचा पहिला संच, पूर्ण करतो. नाही झाला. ७४ पवित्रे आहेत (कुणी ७५ मोजतं, यावरून आमच्या बागेत हमरीतुमरी होते). मी तिसाव्याच्या आसपास पोचलो होतो, तेवढ्यात लाओशींनी (आमच्या गुरुजींनी) उचलून परत पहिल्या तीनवर आणून ठेवलं.

कारण उजवा गुडघा. जिना उतरताना आतल्या बाजूने कळ यायची.

नवीन आलेल्यांसाठी सांगतो: मी नोकरीनिमित्त चीनच्या हनान प्रांतात, झेंगझोउमध्ये राहतो. सतराव्या शतकात चेन वांगतिंगने जिथे ही विद्या रचली असं मानतात, ते चेनज्यागौ पीत नदीच्या पलीकडे, वनश्येन तालुक्यात आहे. लाओशी तिथे शिकलेले, सत्तरीचे. अस्सल हनानी माणूस, त्यामुळे बरोबर जमलं तर ‘झोंग’, नाही तर ‘बु झोंग’. तिसरा शेरा मी अजून ऐकलेला नाही.

आधी मी कंपनीतल्या वर्गात २४ पवित्र्यांचा संच शिकलो होतो. तो ताईचीच्याच यांग शैलीवरून १९५६ साली सोपा करून बेतलेला. उभं राहायचं उंच, वेग एकसारखा, त्यामुळे गुडघ्याने कधी कुरकूर केली नाही. चेनमध्ये खाली बसायचं आणि बसल्या बसल्या पीळ द्यायचा. तिथे माझं पितळ उघडं पडलं.

चूक सापडली ‘लान झा यी’ या पवित्र्यात. वजन उजवीकडे नेताना मी खुब्यातून वळतच नव्हतो. खुबा आखडलेला, म्हणून सगळा पीळ गुडघ्यावर. आणि गुडघा म्हणजे बिजागरी, त्याने वाकायचं, वळायचं नाही. लाओशींनी माझ्या जांघेच्या घडीत दोन बोटं रोवली आणि म्हणाले, ‘ही बोटं चिमटीत धर.’ घडी पडली की बूड आपोआप मागे-खाली जातं, गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत राहतो. कंबर जेवढी वळेल तेवढाच हात जाणार. पूर्वी माझा हात आधी पोचायचा आणि अंग मागून धापा टाकत यायचं.

पाच आठवडे एवढंच केलं. आता जिना उतरताना दुखत नाही. पण पवित्रा दिसायला पूर्वीपेक्षा वाईट दिसतो, हेही खरं.

मजा नावाची आहे. लान झा यी, शब्दशः ‘आळसावून कपडा खोचणे’. सोळाव्या शतकातला मिंग सेनापती छी जीग्वांग याने सैनिकांसाठी ३२ पवित्रे नोंदवले, त्यातला हा पहिलाच. लढायच्या आधी झग्याचा घोळ पट्ट्यात खोचायचा, म्हणजे पाय मोकळे. डावा हात कंबरेशी थांबतो तो त्याचसाठी. आई पदर खोचून कामाला लागायची तेव्हा तिच्याही हालचालीत घाई कधी नसायची. लान म्हणजे आळस नव्हे, बेफिकिरी, हे मला आईमुळे कळलं. तेव्हापासून खांदा थोडा खाली आलाय.

आमच्या संचात त्याच्या आधी येणारा ‘जिनगांग दाओ दुई’ तर घरचाच निघाला. जिनगांग म्हणजे वज्र, बौद्ध धर्माबरोबर इकडे आलेला शब्द. दुई म्हणजे धान्य कांडायचं साधन. वज्रधारी मुसळ घालतोय! मी पाय जमिनीवर आपटत होतो. कांडणाऱ्या बायका मुसळ आपटत नाहीत, उचलतात. खाली ते आपल्या वजनाने येतं. पाय तसाच सोडून बघितला. आवाज निम्मा झाला, पण हादरा थेट टाचेतून वर आला. लाओशी काही बोलले नाहीत. बु झोंग नाही म्हणाले, मी तेवढ्यावर खूश.

‘चान-स’ म्हणजे रेशीम उलगडण्याचे व्यायाम रोज २० मिनिटं चालू. कोषातून धागा ओढताना हिसका दिला तर तुटतो, एवढं समजतं, हाताला समजायचंय.

रविवारी तुईशौ, म्हणजे जोडीदाराच्या हाताला हात लावून ढकलाढकलीचा सराव. समोरचे काका माझ्या खांद्याएवढे. लहानपणी दोन वर्षं तालमीत माती खाल्लेली, त्यामुळे मनगट मनगटाला भिडलं की माझी पकड आपोआप घट्ट होते. वस्तादांनी तेच तर शिकवलं होतं. इथे घट्ट झालो की काकांना माझी सगळी कुंडली कळते, आणि मी दोन पावलं मागे. अकरा वेळा गेलो. बाराव्यांदा मात्र त्यांचं वजन डाव्या पायावर सरकताना मला मनगटातून कळलं. त्याचं करायचं काय, हे ठरेपर्यंत मी मागे गेलोच.

कुस्तीतून इकडे आलेलं कुणी आहे का? पकडीची सवय तुम्ही कशी सोडवलीत? मी सध्या करंगळी आणि अंगठा मुद्दाम ढिले ठेवून बघतोय. दंड सुटतो, पण कोपर बाहेर पळतं.