तीन पिस्टन आणि एक सील

आमच्या अण्णांची १९७६ सालची येझदी मोटरसायकल गेली तीस वर्षे कोल्हापुरातल्या घराच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. नोकरीनिमित्त रत्नागिरीला असताना त्यांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती, आणि दर पंधरा दिवसांनी साखरप्याहून आंबा घाट चढून ते तिच्यावरून घरी येत असत. १९९४च्या मे महिन्यात त्याच घाटात इंजिनने तिसऱ्यांदा पिस्टन धरला, म्हणजे तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकला, गाडी टेम्पोत घालून घरी आणावी लागली, आणि त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. आधीच्या दोन्ही वेळा सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून किंचित मोठा कापून, त्या मापाचा नवा पिस्टन बसवला होता आणि दोन्ही बिले अण्णांच्या डायरीत जपून ठेवलेली होती. गेल्या दिवाळीनंतर मी ती गाडी घरीच पूर्ण मोकळी करायला घेतली, तेव्हा ती पुन्हा चालू करण्याइतकीच या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याची माझी इच्छा होती : पिस्टन नवा, सिलिंडर नव्याने बोअर केलेला, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घातलेले, तरीही तेच दुखणे पुन्हा का उद्भवले?

येझदी हे घरी शिकण्यासाठी फार चांगले यंत्र आहे. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० साली म्हैसूरला कंपनी काढून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या आराखड्यावर ही गाडी बनवायला सुरुवात केली. आधी ती जावा या नावाने विकली जाई, सत्तरच्या दशकात तिचे नाव येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. ६५ मिलिमीटर व्यासाचा एकच पिस्टन ७५ मिलिमीटर खाली-वर होतो, एकाच सिलिंडरमधून दोन सायलेन्सर निघतात, आणि गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. हलणारे भाग थोडे असल्यामुळे, नीट पाहिले तर बिघाडाला लपायला फारशी जागा उरत नाही.

पहिला पाना लावण्याआधी मी गाडी धुतली नाही, आणि जुनी गाडी उघडणाऱ्या प्रत्येकाला माझे हेच आग्रहाचे सांगणे राहील. आपल्याकडे रॉकेल किंवा डिझेलने इंजिन स्वच्छ धुऊन मगच कामाला बसण्याची पद्धत आहे आणि हाताला ते सोयीचेही असते, पण त्या धुण्यात वीस-तीस वर्षांचा पुरावा वाहून जातो. सिलिंडर हेडच्या चारही नटांचे कोपरे गोल झालेले होते, म्हणजे तिथे अनेकदा आणि कधी चुकीच्या मापाचे पाने लागले होते. याउलट उजव्या बाजूला वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या मधोमध असलेल्या बोल्टच्या डोक्यावर एकसारखा जुना गंज होता, त्यावर पान्याची एकही खूण नव्हती. त्या डायनामोच्या मागे, पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याभोवती, तेलाने भिजलेल्या धुळीचा बोटभर जाडीचा काळा थर होता. डायनामो ही खरे तर कोरडी जागा असते. मी त्याचे फोटो काढले, वहीत नोंद केली आणि पुढे गेलो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी पूर्ण उमगला नव्हता.

पिस्टन सुटायलाच दोन दिवस लागले. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइलचे मिश्रण आत सोडून ठेवले, आणि दुसऱ्या रात्री हेड काढून लाकडी ठोकळ्याने हलके ठोके दिल्यावर तो हलला. त्याच्या माथ्यावर ०.५० हा आकडा स्पष्ट होता. म्हणजे मूळ मापावरून आधी पाव आणि मग अर्धा मिलिमीटर अशा दोन पायऱ्या सिलिंडर चढला होता, आणि डायरीतली बिले त्याच्याशी जुळत होती. पिस्टनच्या पुढच्या, धूर बाहेर पडण्याच्या बाजूला ॲल्युमिनियम वितळून उभे ओरखडे पडले होते आणि खालची रिंग आपल्या खाचेतच चिकटून बसली होती. मागची बाजू मात्र जवळजवळ नवी वाटत होती. प्लगच्या टोकाचा रंग पांढुरका होता, म्हणजे इंजिन फार तापत होते.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होते आणि मिश्रण आधी तिथे ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर जाते. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, आणि पंप हवाबंद नसेल तर सगळा हिशेब बिघडतो. क्रँकचा दांडा या पंपाच्या दोन्ही भिंतींतून बाहेर येतो आणि दोन्हीकडे त्याला रबरी ऑइल सील असते. डावीकडचे सील गेले तर प्रायमरी चेनकडचे गिअर ऑइल आत ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येतात, त्यामुळे ते कोणाच्याही लक्षात येते. उजवीकडचे, डायनामोमागचे सील गेले तर बाहेरची नुसती हवा आत येते. तिला ना रंग ना वास. पिस्टन खाली येताना त्याच फटीतून थोडे ऑइल बाहेरही फेकले जाते, आणि डायनामोमागचा तो काळा थर त्याचाच होता. मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते, पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापते, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे तापलेल्या पिस्टनला नेमके तेव्हाच वंगणही कमी पडते.

हे लिहून काढत असताना मला अण्णांचे एक जुने बोलणे आठवले, आणि मी उठून त्यांना पुन्हा विचारले. घाटात गाडी तापली की ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा आवाज खाली उतरत नसे, बराच वेळ तसाच चढा राहत असे. केबल अडकते असे समजून त्यांनी ती दोनदा बदलली होती. केबल निर्दोष होती. आत नको असलेली हवा घेणारे इंजिन असेच वागते.

डायनामोचा रोटर, म्हणजे त्याचा फिरणारा भाग, निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेला असतो, तो ओढून काढायच्या पुलरशिवाय निघत नाही. आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत तो काढायची तसदी कोणी घेतली नव्हती, हे त्या गंजलेल्या बोल्टवरून दिसतच होते. मागचे सील हातात आले तेव्हा त्याची ओठासारखी कड बेकेलाइटसारखी कडक झाली होती आणि तिच्यावर नखाचा वळही उमटत नव्हता. रबर वयानेच कडक होते, त्यात कोणाचा दोष नाही. दोष असलाच तर जळालेला पिस्टन पाहून फक्त पिस्टन बदलण्याच्या सवयीचा आहे, आणि त्या सवयीपायी अण्णांसारख्या बेताच्या पगारातल्या माणसाने दोनदा खर्च सोसला याचे मला अजूनही वाईट वाटते.

शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी सिलिंडर नेला, त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिस्टन आणलाय का? तो हातात असल्याशिवाय मी बोअर करत नाही." प्रत्येक पिस्टनमध्ये थोडा फरक असतो, त्यामुळे सिलिंडर त्या विशिष्ट पिस्टनला मोजूनच कापावा लागतो. मी सगळी हकीगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मग चौथ्यांदा येऊ नका. हवा कुठनं ओढते ते बंद केल्याशिवाय किक मारू नका." ओरखडे ०.७५च्या मापात साफ निघाले. नवी सिले दांड्याचे आणि खोबणीचे माप घेऊन बेअरिंगच्या दुकानात मिळाली.

जोडणीत सर्वाधिक वेळ मी रिंगांना दिला. प्रत्येक रिंग आधी रिकाम्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून पाहिली आणि ती पाव मिलिमीटरच्या आसपास ठेवली. पिस्टनच्या खाचेत रिंग अडवणारी बारीक खुंटी असते. रिंगेची टोके तिच्यावरच यायला हवीत, नाहीतर ती फिरून पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, अडकते आणि मोडते.

मिस्त्रींचे वाक्य डोक्यात असल्यामुळे मी अण्णांचे तबकडीचे रक्तदाब यंत्र कामाला लावले. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात रबरी नळी बसवली, पिस्टन खाली आणला, कार्ब्युरेटरची आणि दोन्ही सायलेन्सरची तोंडे रबराच्या तुकड्यांनी घट्ट बंद केली आणि फुग्याने ३०० मिलिमीटरपर्यंत दाब चढवला. काटा मिनिटभरात निम्म्यावर आला. साबणाचे पाणी लावल्यावर सिलिंडरच्या बुडाशी बुडबुडे दिसले. जुन्या पॅकिंगचा कागदासारखा एक पापुद्रा तिथे राहून गेला होता. सगळे पुन्हा उतरवून तो खरवडून काढला. दुसऱ्या वेळी दहा मिनिटांत काटा ३००वरून २८०वर आला, आणि तेवढे मला पुरेसे वाटले. माझा पिस्टन अडकलेला होता म्हणून ही चाचणी आधी घेता आली नाही; पण ज्यांच्या गाडीचा पिस्टन हलतो त्यांनी ती इंजिन उघडण्याआधीच घ्यावी.

बाकीच्या कामांत सांगण्याजोगे फार नाही. स्पोक नवे घातले, ब्रेकचे लायनर बदलले, ६ व्होल्टची वायरिंग नव्याने ओढली, प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवली. टाकीवरचा रंग अण्णांच्या गुडघ्यांनी जिथे झिजला आहे तिथे तो तसाच ठेवला आहे. नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांची कागदपत्रे सध्या चालू आहेत.

इंजिन सुरू झाले त्या संध्याकाळी अण्णा पडवीत खुर्ची टाकून बसले होते. मी ते पंधरा मिनिटे चांगले तापू दिले, मग ॲक्सिलरेटर उघडून सोडला. आवाज लगेच खाली उतरला. अण्णांनी तो पुन्हा उघडायला लावला, आणि मग तिसऱ्यांदा स्वतः उठून हातात घेतला.

पहिल्या ५०० किलोमीटरसाठी मी पेट्रोलमध्ये लिटरला ५० मिलिलिटर ऑइल घालणार आहे, नंतर ४०. त्यानंतर रिकाम्या गाडीने, सकाळच्या गारव्यात, साखरप्याहून घाट चढायचा आणि आंबा गावात पोहोचल्यावर इंजिन बंद करून तिथेच प्लग उघडायचा आहे. त्याचा रंग पांढुरका न दिसता बिस्किटासारखा तपकिरी दिसायला हवा.