दिवाणजींचे उणे पाचशे

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमधील (म्हणजे जावातल्या प्रणालीला डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यातील) सुरक्षा-त्रुटीची सूचना माझ्या वाचनात आली, तेव्हा मी ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत दाराजवळ उभी होते. सीव्हीई-२०२४-१५९७ हा सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला तिचा क्रमांक, आणि तीव्रता दहापैकी दहा. इतके गुण आमच्या शाळेत कधी कोणाला मिळाले नाहीत. पुढची ओळ वाचून मात्र जीव भांड्यात पडला: क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, पाठवण्याच्या पद्धतींपैकी ड्रायव्हर आपणहून 'एक्सटेंडेड' मोडमध्ये चालतो आणि ही त्रुटी केवळ 'सिंपल' मोड मुद्दाम निवडणाऱ्यांनाच बाधते. रबाळे येईपर्यंत मी निर्धास्त होते. घणसोलीला उतरता उतरता आठवले, की आमच्या एका प्रणालीत तो मोड मुद्दाम निवडलेला आहे आणि निवडणारी मीच आहे.

ही प्रणाली तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातल्या एका गाळ्याची. शेतकऱ्याचा माल आला की वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे यांची नोंद होते आणि त्यावरून शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी छापली जाते. महापेतल्या आमच्या चार खोल्यांच्या ऑफिसातून आम्ही तिची देखभाल करतो. डेटाबेसच्या पुढे जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवलेला आहे, म्हणजे थोड्या जोडण्यांवर अनेकांचे काम भागते. एक व्यवहार संपला की तीच जोडणी दुसऱ्याच्या हाती जाते. अडचण अशी, की ड्रायव्हर वारंवार येणारी क्वेरी त्या जोडणीवर नाव देऊन तयार करून ठेवतो, आणि जोडणी हस्तांतरित झाली की नव्या धन्याला 'एस-एक नावाचे प्रिपेअर्ड स्टेटमेंट आधीच अस्तित्वात आहे' असा निरोप मिळतो. २०२० साली या निरोपाने मला दोन दिवस छळले होते. कुठेतरी वाचून मी जोडणीच्या पत्त्याच्या शेवटी 'सिंपल' मोडची एक पुस्ती जोडली, निरोप थांबला आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

त्या पुस्तीने नेमके काय बदलले होते, हे समजून घ्यायला मला चार वर्षांनी सवड झाली. आम्ही सगळे शिकतो ते असे, की क्वेरीत मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे आणि मूल्य वेगळे द्यावे, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर हुकूम म्हणून चालू शकत नाही. एक्सटेंडेड मोडमध्ये हे अक्षरशः खरे आहे, कारण क्वेरी आणि मूल्ये सर्व्हरकडे वेगवेगळी जातात. सिंपल मोडमध्ये मात्र ड्रायव्हर स्वतःच प्रत्येक प्रश्नचिन्हाच्या जागी मूल्य लिहून एक सलग ओळ तयार करतो आणि ती पाठवतो. म्हणजे जी भिंत आपण सर्व्हरची समजत होतो, ती ड्रायव्हरने घातलेल्या अवतरणचिन्हांची असते. मजकुराला ही चिन्हे काळजीपूर्वक घातली जात होती. पूर्णांक मात्र तसेच उघडे लिहिले जात होते, कारण आकड्याने कोणाचे काय बिघडणार?

आमच्या क्वेरीत वजावटीची रक्कम उणे करून साठवली जाते, म्हणून प्रश्नचिन्हाच्या आधी एक उणे चिन्ह आहे, असे: -? आणि त्याच ओळीत पुढे शेऱ्यासाठी दुसरे प्रश्नचिन्ह. गाळ्याचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनी ५०० टाकले तर -५०० लिहिले जाते आणि सगळे ठीक असते. पण हमाली जास्त कापली गेली म्हणून ती परत करायची असेल, तर ते उणे ५०० टाकतात. मग आमचे उणे आणि त्यांचे उणे शेजारी शेजारी येऊन --५०० तयार होते, आणि एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत सलग दोन उणे चिन्हे म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत टीप. तिथून पुढचे सगळे, शेऱ्याच्या सुरुवातीच्या अवतरणचिन्हासकट, सर्व्हर वाचतच नाही. आता शेऱ्याच्या चौकटीत कोणी एंटर दाबून नवी ओळ सुरू केली, तर टीप तिथे संपते आणि शेऱ्याची दुसरी ओळ सर्व्हर क्वेरीचाच भाग म्हणून वाचतो. वर सिंपल मोडमध्ये अर्धविरामाने जोडलेले अनेक हुकूम एकाच फेरीत चालतात, ते निराळेच. उणे चिन्हाला चिकटलेले आकड्याचे प्रश्नचिन्ह आणि त्याच ओळीत मजकुराचे प्रश्नचिन्ह, या दोन अटी जुळून येणे दुर्मीळ आहे असे त्या सूचनेवरच्या चर्चेत काही जण म्हणत होते. आमच्याकडे त्या जुळल्या होत्या, आणि त्याही जिथे उणे रक्कम टाकणे हे रोजचे काम आहे अशा पानावर.

वाचून पटले तरी पाहिल्याशिवाय चैन पडेना. चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेसची प्रत घेतली, वजावटीच्या पानावर उणे ५०० टाकले, शेऱ्यात 'हमाली परत' लिहून एंटर दाबला आणि खालच्या ओळीत अर्धवट राहिलेली क्वेरी पुरी करून भावाच्या तक्त्याला उद्देशून एक साधा हुकूम लिहिला, उरलेली शेपटी टिपेत ढकलली. जतन केले. पानावर काहीच वावगे दिसले नाही, पण भावाच्या तक्त्यात त्या दिवसाचा कांदा शून्य रुपये झाला होता. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला.

ड्रायव्हरच्या कर्त्यांनी दुरुस्ती केवळ नव्या ४२.७.२ मध्ये न देता मागच्या शाखांतही दिली होती: ४२.६.१, ४२.५.५, ४२.४.४, ४२.३.९ आणि ४२.२.२८. आमची प्रत ४२.२.१८ होती. अशा वेळी सर्वांत नव्या आवृत्तीवर उडी मारण्याचा मोह होतो, पण सुरक्षेच्या दुरुस्तीबरोबर चार वर्षांचे इतर बदल एकाच दुपारी अंगावर घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही, म्हणून ४२.२.२८ घेतली. दुरुस्ती स्वतः साधी आहे. आता ड्रायव्हर प्रत्येक मूल्य अवतरणात, प्रकारासह आणि कंसात लिहितो, त्यामुळे आमचे उणे कंसाबाहेर राहते, दिवाणजींचे कंसाच्या आत, आणि दोघांची गाठ पडत नाही.

बाजाराचे वेळापत्रक ऑफिसासारखे नसते. रात्री गाड्या लागतात, सकाळी गाळ्यावर मान वर करायला वेळ नसतो, म्हणून 'रात्री सर्व्हर बंद ठेवू' हे आमच्या धंद्यातले नेहमीचे वाक्य तिथे चालत नाही. दिवाणजींशी बोलून दुपारी साडेतीन ते चार अशी वेळ ठरवली. बिल्डमधला, म्हणजे प्रणालीची फाइल बांधणाऱ्या यादीतला, ड्रायव्हरच्या आवृत्तीचा आकडा बदलला, नवी फाइल चढवली, प्रणाली ज्यावर चालते तो टॉमकॅट सर्व्हर पुन्हा सुरू केला, पट्टी छापून पाहिली. सगळे मिळून अकरा मिनिटे.

इथेच मी उठणार होते. केवळ जुन्या सवयीने, सुरू होताना ड्रायव्हरने स्वतःची आवृत्ती लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहावी अशी एक ओळ जाताजाता घातली होती. लॉगमध्ये दिसले ४२.२.१८. पुन्हा बघितले, तेच. आमच्या जोडण्यांचा सामायिक साठा प्रणाली तयार करत नाही, टॉमकॅट स्वतः करतो, आणि त्यासाठी तो ड्रायव्हर घेतो स्वतःच्या लिब फोल्डरमधला. तिथे कोणीतरी (२०२० साल लक्षात घेता, बहुधा मीच) हाताने ठेवलेली ड्रायव्हरची जार फाइल होती. बिल्डमध्ये बदललेली प्रत प्रणालीच्या पोटात निमूट बसून होती आणि तिला कोणी विचारत नव्हते. आवृत्त्या तपासणारे आमचे साधन फक्त बिल्डची फाइल वाचते, त्यामुळे त्याने हिरवा दिवा दाखवला होता. लिबमधली जुनी फाइल हलवली, नवी ठेवली, पुन्हा सुरू केले. ४२.२.२८. घड्याळात चारला पाच मिनिटे होती.

सिंपल मोडची पुस्ती दुसऱ्या आठवड्यात काढली. त्याऐवजी प्रिपेअर-थ्रेशोल्ड, म्हणजे क्वेरी किती वेळा आल्यावर तिला नाव द्यायचे तो आकडा, शून्य केला; मग ड्रायव्हर नाव दिलेली स्टेटमेंटे तयारच करत नाही. तो आकडा एरवी पाच असतो. हा उपाय २०२० मध्येही उपलब्ध होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पीजीबाउन्सर १.२१ पासून तर अशी स्टेटमेंटे व्यवहारागणिक बदलणाऱ्या जोडण्यांवरही चालतात, पण तो बदल स्वतंत्रपणे आणि सावकाश करायचा असे ठरले.

एक काम उरले होते: या चार वर्षांत कोणी या वाटेने आत आले का, हे पाहणे. डेटाबेसचे जेवढे जुने लॉग हाती होते तेवढे चाळले. घुसखोरीची खूण सापडली नाही. सापडल्या चार चुका, सगळ्या वजावटीच्या पानावरच्या, सगळ्या 'सिंटॅक्स एरर ॲट एंड ऑफ इनपुट', आणि सगळ्या दिवाणजींच्या लॉगिनवरून. उणे रक्कम, एका ओळीचा शेरा. टिपेत अर्धी क्वेरी गडप होऊन सर्व्हर अडखळला होता. मग व्हॉट्सॲपवर मागे मागे गेले. दीड वर्षापूर्वीचा त्यांचा निरोप तसाच होता: 'मॅडम, उणे टाकले की नोंद होत नाही.' त्याखाली माझे उत्तर: 'काका, परतावा इतर जमा या पानावर टाका.' त्यावर त्यांचा अंगठा.

मी फोन लावला. म्हटले, "काका, वजावटीच्या पानावर उणे पाचशे टाकून बघता का? चाचणीची नोंद आहे, मी नंतर काढून टाकते."

मागे कोणीतरी गोण्या मोजत होते. कळफलकाचे चार ठोके ऐकू आले.

"झाली की नोंद," ते म्हणाले. "मग आता ते इतर जमाचं पान बंद करू ना? वर्षअखेरीला ताळा जुळवताना फार त्रास होतो त्याचा."