रखमाबाईंवर चाळीस मिनिटं: माझा अनुभव

आमच्या भागातल्या डॉक्टर मंडळींचा दर महिन्याला एक कार्यक्रम असतो. जुलैत डॉक्टर दिनाच्या निमित्तानं एखाद्या जुन्या स्त्री-डॉक्टरवर बोलायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आनंदीबाई जोशींबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून मी रखमाबाई घेतल्या. वेळ चाळीस मिनिटं.

माहिती मिळायला अडचण नाही, पण मिळते ती बहुतेक सगळी कोर्टातली. वकील भाच्यानं 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई'चे छापील निकाल काढून दिले. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सासरी कधीच न नांदलेली मुलगी. तिनं नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं, म्हणजे दादाजींनी, 1884 मध्ये दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर 1885 मध्ये तो फेटाळला. त्यांचा मुद्दा मला फार आवडला: जो संसार सुरूच झाला नाही, तो परत मिळवून द्या असं कोर्टाला सांगता कसं येईल? अशा मुलीला तिच्या मनाविरुद्ध त्या माणसाकडे धाडणं रानटी आणि क्रूर होईल, असंही त्यांनी बजावलं. अपिलात हे टिकलं नाही. 4 मार्च 1887 ला न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई तुरुंगात जायला तयार झाल्या. केसरीतून टिळक त्यांच्याविरुद्ध लिहीत होते. शेवटी 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं.

माझ्या टिपणांचा गठ्ठा चाळून नवरा म्हणाला, "अगं, पण यात डॉक्टर कुठाय?"

प्रश्न रास्त होता. खटला चार वर्षांचा, डॉक्टरकी तीसेक वर्षांची. पण खटल्याचा शब्द न् शब्द छापलेला आहे. बाळंतिणींच्या खोलीत काय झालं ते कोण छापणार? मग एका कोऱ्या कागदावर नुसत्या तारखा मांडल्या. आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या, म्हणजे फॅरन यांच्या हुकमाला आठवडाही उरला नव्हता. दोघींच्या जन्मातही जेमतेम चार महिन्यांचं अंतर. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन 1885 मध्येच, खटला चालू असताना वारले. घरातला डॉक्टर गेला आणि मुलीनं पुढे तोच मार्ग धरला.

इथे एडिथ पेची सापडल्या आणि भाषणाला कणा मिळाला. 1869 मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीला प्रवेश घेणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. रसायनशास्त्रात अव्वल आल्या तरी होप शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली. पुढच्या वर्षी परीक्षेला जाताना जमावानं त्यांच्यावर आणि मैत्रिणींवर चिखल फेकला. याच बाई पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलात आल्या आणि रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. 1889 मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या. तिथे डीन होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. 1894 मध्ये डॉक्टरकीचा परवाना हाती आला, मग सुरत आणि पुढे राजकोट.

सुरतेच्या वर्षांवर मी मुद्दाम रेंगाळले. प्लेगचे दिवस, पडद्यातल्या पेशंट, आणि कपाटात काय? जंतुसंसर्गावरची सल्फाची औषधं आली 1930 च्या दशकात, पेनिसिलीन त्याहून उशिरा. बाळंतपणानंतर ताप चढला की बाईंच्या हाती जंतुनाशक कार्बोलिक, उकळलेली हत्यारं आणि वाट बघणं. आम्ही रात्री-अपरात्री ज्या इंजेक्शनच्या भरवशावर शांत असतो, ते नसताना आयुष्यभर बाळंतपणं करायची! हे बोलताना सभागृहातले सगळे मोबाईल खाली गेले. खटल्याला मी दहाच मिनिटं दिली होती, आणि कुणाला ती कमी वाटली नाहीत.

प्रश्नोत्तरांत मात्र गाडी घसरली. दादाजी 1904 मध्ये वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेसारखं पांढरं नेसायला सुरुवात केली, असं चरित्रात नोंदलेलं आहे, आणि मी ते सांगितलं होतं. आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, "पेशंट तुटू नयेत म्हणून केलं असणार, प्रॅक्टिस म्हटलं की असं करावं लागतं." एका मैत्रिणीला ते अजिबात पटेना: ज्याच्याकडे जायला तुरुंगाच्या बदल्यातही नकार दिला, त्याचं वैधव्य कशाला? दोघांचं चांगलंच जुंपलं. पेशंट तुटण्याचा मुद्दा मला पोकळ वाटतो. याच बाईंनी 1929 मध्ये पडदा बंद करा म्हणून पुस्तिका काढली. ज्यांना रूढी सांभाळून धंदा करायचा असतो ते असल्या भानगडीत पडत नाहीत. एवढं बोलून मी खाली बसले, तरी वाद पार्किंगपर्यंत चालूच होता. पुढच्या महिन्यात विषय डेंग्यू आहे.